सिम्युलेशनमधला सर्व्हर कधी पाडायचा आणि कसा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. धुळ्याच्या कॉलेजात एम.टेक.चा प्रोजेक्ट म्हणून तुम्ही क्लाउडसिममध्ये (क्लाउडचं सिम्युलेशन करणारं सॉफ्टवेअर) 200 होस्टचं, म्हणजे सर्व्हरचं, डेटा सेंटर उभं केलंय. व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणक) कुठल्या होस्टवर ठेवायची याच्या दोन पद्धतींची तुलना करायची आहे. पहिली पद्धत मोजक्याच होस्टवर दाटीवाटीने व्हीएम भरते, बाकीचे होस्ट बंद ठेवते आणि वीज वाचवते. दुसरी व्हीएम सगळीकडे पसरून ठेवते. गाईड म्हणाले, ‘यात बिघाड कुठे आहेत?’ म्हणून तुम्ही प्रत्येक होस्टला पाच वर्षांचा एमटीबीएफ दिलात (दोन बिघाडांमधला सरासरी काळ), बिघाडांच्या वेळांना एक्स्पोनेन्शिअल वितरण लावलंत (पडण्याची शक्यता कायम एकसारखी) आणि 24 तासांचं सिम्युलेशन चालवलंत. दोन्ही पद्धतींचे आकडे सारखेच आले. मग एमटीबीएफ दहा तासांवर आणलात, तर दोन्ही पद्धती सारख्याच कोलमडल्या. आता तुम्ही विचारताय की एक्स्पोनेन्शिअलच्या जागी वायबुल वितरण (ज्यात ही शक्यता काळानुसार बदलू शकते) लावलं तर फरक दिसेल का.

दिसेल. पण तो फरक तुम्हाला फसवेल. का फसवेल ते पुढे सांगतो, आधी साधा भागाकार करू.

पाच वर्षं म्हणजे 43,800 तास. 200 होस्ट 24 तास चालले की 4,800 होस्ट-तास होतात. म्हणजे एका रनमध्ये सरासरी 0.11 बिघाड. दहापैकी जवळपास नऊ रनमध्ये एकही होस्ट पडत नाही. मग आकडे वेगळे येणार कुठून? दहा तासांचा एमटीबीएफ घेतल्यावर दिवसाला 480 बिघाड होतात, प्रत्येक होस्ट दिवसातून दोन-अडीच वेळा झोपतो, आणि सहा तासांचं एखादं काम मध्ये न तुटता पूर्ण होण्याची शक्यता 55 टक्क्यांवर येते. असल्या डेटा सेंटरला मालक आठवड्यात कुलूप लावेल. तिथे कुठली पद्धत बरी याला काही अर्थ उरत नाही.

तेव्हा तुमची खरी अडचण वितरणाची नाही. तुमच्या कामांचं घड्याळ मिनिटांचं आणि तासांचं आहे, बिघाडांचं महिन्यांचं आणि वर्षांचं. ही दोन घड्याळं एकाच सिम्युलेशनमध्ये बसवायची कशी, हा तो प्रश्न आहे. त्याचं उत्तर तुम्हाला नेमकं काय मोजायचंय यावर ठरतं.

वर्षभरात किती काम वाया गेलं, किती तास सेवा बंद राहिली, असं मोजायचं असेल तर वर्षभराचं सिम्युलेशन चालवा. 200 होस्टवर वर्षाला 40 बिघाड येतील, तुलनेला तेवढे पुरतात. पण कामांचा तपशील बारीक असेल तर असा एक रन लॅपटॉपवर रात्रभर चालेल, आणि असे बरेच रन लागतील. मी बहुतेक वेळा दुसरा रस्ता धरतो: बिघाड ‘होईल का’ आणि ‘झाला तर काय’ हे दोन प्रश्न वेगळे करतो. 24 तासांच्या प्रत्येक रनमध्ये एक बिघाड मुद्दाम घालायचा. वेळ आणि जागा यादृच्छिक, पण बिघाड नक्की. त्या एका बिघाडाने किती नुकसान झालं ते मोजायचं, असे पुष्कळ रन घ्यायचे, आणि शेवटी सरासरी नुकसानाला वर्षाच्या बिघाडसंख्येने गुणायचं.

हा रस्ता कधी चालतो? दोन बिघाड एकमेकांवर चढत नसतील तेव्हा. वर्षाला 40 बिघाड आणि दुरुस्तीला सरासरी सहा तास धरले तर कुठला तरी होस्ट दुरुस्तीत असण्याचा वेळ फार तर 240 तास होतो, म्हणजे वर्षाच्या तीन टक्क्यांहून कमी. तुमच्या बाबतीत चालेल. पण एका फाइलच्या तीन प्रती तीन मशीनवर आहेत आणि तिन्ही एकाच वेळी जाण्याची शक्यता काढायची आहे, अशा प्रश्नाला हा रस्ता निरुपयोगी. तिथे बिघाडांचं एकमेकांवर चढणं हीच मोजायची घटना असते.

नुसता एमटीबीएफ हजार पटींनी कमी करून ‘वेग वाढवला’ असं मात्र म्हणू नका. दुरुस्तीचा वेळ आणि कामाचा वेळ तेवढाच राहिला, तर खऱ्या जगात क्वचित येणारी दुहेरी पडझड तुमच्या सिम्युलेशनमध्ये रोजची होते.

आता वायबुल. त्याची शिफारस तुम्ही वाचलीत ती बहुधा अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेच्या नोंदींवरून आलेली असणार. बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी 2006 मध्ये तिथल्या वीसेक संगणक-प्रणालींच्या सुमारे 23,000 बिघाडांचा अभ्यास मांडला. दोन बिघाडांमधल्या काळाला वायबुल चांगलं बसतं आणि त्याचा शेप पॅरामीटर 0.7 ते 0.8 येतो, असं त्यांना दिसलं. शेप एकपेक्षा कमी याचा अर्थ असा की नुकती पडून उठलेली मशीन पुन्हा पडण्याची शक्यता जास्त, आणि बरेच दिवस नीट चाललेली मशीन तशीच चालत राहण्याची शक्यता जास्त. सर्व्हर रूममध्ये काम केलेल्या कुणालाही हे पटेल. एकदा रुसलेला सर्व्हर त्याच आठवड्यात परत रुसतो, कारण पहिल्या खेपेला रोग सापडलेलाच नसतो, नुसतं रिस्टार्ट केलेलं असतं.

मग तुमच्या मॉडेलमध्ये 0.7 शेपचं वायबुल घातलं तर? सरासरी पाच वर्षांची ठेवायची तर स्केल पॅरामीटर (काळ किती ताणायचा ते ठरवणारा आकडा) 34,600 तासांच्या आसपास येतो. (स्केल म्हणजे सरासरी नव्हे, या शेपला सरासरी ही स्केलच्या 1.27 पट असते. थेट 43,800 हाच स्केल म्हणून टाकलेले प्रोजेक्ट मी पाहिलेत.) आता शून्याव्या तासाला सगळे 200 होस्ट कोरे धरून पहिल्या 24 तासांत किती पडतील ते काढा. उत्तर येतं 1.2. एक्स्पोनेन्शिअलला 0.11 होते. सरासरी आयुष्य तेच असून बिघाड अकरा पट! तुम्हाला वाटेल की वायबुल लावलं आणि मॉडेल जिवंत झालं. प्रत्यक्षात तुम्ही 200 मशीन एकाच क्षणी ‘नुकत्याच पडून उठल्या’ असं गृहीत धरलंय, आणि शेप एकपेक्षा कमी असल्याने त्यांची पहिल्याच दिवशी गर्दी झाली. चालू डेटा सेंटरमध्ये कुठली मशीन तीन वर्षं न पडता चाललेली असते, कुठली काल दुरुस्त झालेली असते.

यावर उपाय स्वस्त आहे. बिघाडांच्या वेळा काढणारा भाग कामांपासून वेगळा करा. एकट्या त्या भागाला सिम्युलेशन सुरू होण्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून पळवा. व्हीएम नाहीत, कामं नाहीत, नुसती घड्याळं. काही सेकंदांत होतं. मग त्यातला शेवटचा तुकडा कापून वापरा. तसं केलंत की वायबुललाही दिवसाचे सरासरी 0.11 बिघाडच येतील.

मग वायबुलचा उपयोग काय? तुमच्या पद्धतीला मशीनचा इतिहास दिसत असेल तर आहे. ‘कालच पडलेल्या होस्टवर महत्त्वाची व्हीएम ठेवू नये’ असा नियम तपासायचा असेल तर एक्स्पोनेन्शिअलमध्ये तो तपासताच येत नाही. त्याला स्मरणशक्तीच नाही: मशीन काल पडली की वर्षापूर्वी, पुढे पडण्याची शक्यता तीच. पण तुमच्या दोन्ही पद्धती इतिहास बघत नाहीत. आणि पुष्कळ स्वतंत्र मशीनचे बिघाड एकत्र केले की एकूण प्रवाह पॉयसाँ प्रवाहाच्या, म्हणजे एक्स्पोनेन्शिअल अंतरांनी येणाऱ्या बिघाडांच्या, जवळ जातो, हे गणिताने सिद्ध आहे. तुमच्या तुलनेत एक्स्पोनेन्शिअल ठेवलंत तरी मी हरकत घेणार नाही. तो वेळ पुढच्या गोष्टीवर घाला.

पुढची गोष्ट म्हणजे एकत्र पडणाऱ्या मशीन. तुमच्या मॉडेलची सगळ्यात मोठी उणीव हीच आहे, आणि तुमच्या दोन पद्धतींमधला फरकही इथेच लपलाय. तुम्ही खानदेशातले, म्हणून डीपीवरून (शिवारातल्या विजेच्या ट्रान्सफॉर्मरवरून) सांगतो. रावेर-यावलकडे केळीच्या शिवारात एखाद्याच्या विहिरीवरची मोटार जळते तेव्हा त्याच्या एकट्याचं पाणी थांबतं. डीपी जळाली की तिच्यावरच्या सगळ्यांचं एकदम थांबतं, मग कुणाची मोटार कितीही नवी असो. डेटा सेंटरमध्ये रॅकचा (सर्व्हर रचलेल्या कपाटाचा) नेटवर्क स्विच, रॅकला वीज देणारं युनिट, यूपीएस आणि एसी या सगळ्या डीपीच आहेत.

याचं वजन किती ते पाहा. गूगलच्या जेफ डीन यांनी 2008 मध्ये त्यांच्या क्लस्टरच्या (एकत्र काम करणाऱ्या मशीनच्या गटाच्या) पहिल्या वर्षाचा ढोबळ हिशेब जाहीरपणे सांगितला होता. एकेकट्या मशीनचे सुमारे 1,000 बिघाड. वीसेक रॅक बंद, आणि प्रत्येक वेळी 40 ते 80 मशीन गायब. एक वीजवाटप युनिट बंद, त्यात 500 ते 1,000 मशीन सहाएक तास गायब. बेरीज करा: रॅकमुळे 800 ते 1,600, विजेमुळे आणखी 500 ते 1,000. म्हणजे एकेकट्या पडण्यापेक्षा गटाने पडण्यात जास्त मशीन जातात. गूगलच्याच 2010 मधल्या एका अभ्यासात साठवणुकीच्या यंत्रणेतले सुमारे 37 टक्के बिघाड हे दोन किंवा जास्त मशीनच्या एकत्र पडझडीचा भाग निघाले. तुमचं मॉडेल प्रत्येक होस्ट सुटासुटा पाडतं, म्हणजे हा अख्खा भाग गाळतं.

आणि नेमका तुमच्या तुलनेत तोच निर्णायक आहे. दाटीवाटीची पद्धत एखाद्या सेवेच्या चारही व्हीएम एकाच रॅकमध्ये कोंबते. एकेकटा होस्ट पडला तर चारपैकी एक-दोन जातात, सेवा लंगडत का होईना चालते. रॅक पडला की चारही जातात. पसरणाऱ्या पद्धतीत रॅक पडला तरी एखादीच जाते. उलट, सगळ्या व्हीएम मिळून एकच मोठं काम करत असतील आणि एक जरी गेली तरी काम थांबत असेल, तर पसरणं महागात पडतं. जितक्या रॅकवर पसराल तितक्या रॅकच्या बिघाडांशी तुमचा संबंध. कुठली पद्धत जिंकेल हे कामाच्या स्वभावावर ठरतं, आणि होस्ट सुटे सुटे पाडत राहिलात तर यातलं फारसं काही दिसणार नाही.

हे कोडमध्ये कसं आणायचं? क्लाउडसिमवरून निघालेल्या क्लाउडसिम प्लसमध्ये होस्ट पाडण्याचा तयार क्लास आहे, पण तोही सुटे होस्टच पाडतो. गट तुम्हालाच बांधावे लागतील. प्रत्येक होस्टला एक घड्याळ असतंच, तसं प्रत्येक रॅक-स्विचला आणि प्रत्येक वीज युनिटला स्वतःचं घड्याळ द्या. घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला नाणं उडवू नका, पुढच्या बिघाडाची वेळ एकदाच काढून इव्हेंट (ठरल्या वेळी घडायची घटना) म्हणून रांगेत टाका. होस्ट स्वतः ठीक आहे, त्याचा स्विच ठीक आहे आणि त्याची वीज ठीक आहे, तरच तो चालू.

इथे एक बारीक खाच आहे. ‘चालू आहे की बंद’ असा एकच झेंडा ठेवलात तर गोंधळ होतो. होस्टचा मदरबोर्ड गेलाय, त्यातच रॅकची वीज गेली, दोन तासांनी वीज आली, आणि तुमचा कोड त्या मेलेल्या होस्टलाही उभा करतो. झेंड्याऐवजी आकडा ठेवा: बंद असण्याची कारणं किती. कारण आलं की एक वाढवा, गेलं की एक घटवा, शून्यावर आला तरच होस्ट चालू. तसंच, होस्ट पडला तेव्हा त्याच्यावरच्या कामांचे ‘पूर्ण झालं’ हे इव्हेंट रांगेत आधीच पडलेले असतात. ते काढले नाहीत तर मेलेल्या होस्टवरची कामं ठरल्या वेळी सुखरूप पूर्ण होतात! प्रत्येक कामाला फेरीचा क्रमांक द्या, काम पडून पुन्हा सुरू झालं की तो वाढवा. इव्हेंट उघडताना क्रमांक जुना निघाला तर तो टाकून द्या.

स्विच जाणं आणि वीज जाणं यातही फरक करा. वीज गेली की व्हीएमच्या मेमरीतलं सगळं गेलं. स्विच गेला तर व्हीएम आत चालूच असते, फक्त बाहेरून दिसत नाही. हिशेब करणाऱ्या कामाला त्याची झळ कमी, वेबसाइटला पूर्ण.

उन्हाबद्दल दोन शब्द, कारण आपल्याकडे तो तपशील नाही, मुख्य कारण आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा 45 च्या पुढे जातो. लहान सर्व्हर रूममधला एसी दुपारी तीनला बसला की सर्व्हर जळत नाहीत. तापमान मर्यादेबाहेर गेलं की स्वतःला बंद करून घेतात, आणि सगळे मागेपुढे काही मिनिटांत. पूर्वी नवी मुंबईत मोठ्या डेटा सेंटरचं क्षमता-नियोजन करत होतो, आता जळगावात छोट्या सर्व्हर रूम सांभाळतो. बिघाडाचा दर दिवसभर एकच धरणं मला दोन्हीकडे पटलं नाही. लॉस अलामॉसच्या नोंदींतही कामाच्या ऐन वेळी दर रात्रीच्या जवळपास दुप्पट होता, तोही उन्हाने नव्हे, कामाच्या ताणाने. तुमचा रन 24 तासांचाच असेल तर हा चढउतार घाला. वर्षभराच्या सरासरीत तो बराचसा विरून जातो.

दुरुस्तीचा वेळ तुम्ही सरसकट एक तास धरलाय. हे बदलाच. बहुतेक बिघाड रीबूटने मिटतात. वर सांगितलेल्या 2010 च्या अभ्यासात 15 मिनिटांहून जास्त चाललेल्या घटना दहा टक्क्यांपेक्षाही कमी होत्या. उरलेल्यांत डिस्क बदला, पॉवर सप्लाय बदला, सुटा भाग मुंबई-पुण्याहून येईपर्यंत थांबा. सरासरी एक तास खरी असेलही, पण एक तास लागणारा बिघाड जवळपास कुठलाच नसतो. दोन प्रकार वेगळे करा: झटपट उठणारे आणि हात लावावा लागणारे. दुसऱ्या प्रकाराला लॉगनॉर्मल वितरण चांगलं बसतं. तिथे मध्यक आणि सरासरी यांत गल्लत करू नका, लांब शेपटीमुळे सरासरी मध्यकाच्या बरीच वर जाते. आणि दुरुस्तीला माणसं किती आहेत ते ठरवा. रॅक पडून उठल्यावर त्यातले चार होस्ट उठलेच नाहीत आणि ड्युटीवर एकच माणूस आहे, तर चौथ्या होस्टला रांगेत थांबावं लागणार.

होस्ट पडल्याचं शेड्यूलरला (कामं वाटून देणाऱ्या भागाला) त्या क्षणी कळत नाही हेही लक्षात ठेवा. हार्टबीट (‘मी चालू आहे’ असा ठरावीक वेळाने येणारा संदेश) चुकतो, काही वेळ वाट पाहिली जाते, मग व्हीएम दुसरीकडे उभी राहते. त्या मधल्या वेळात नवी कामं मेलेल्या होस्टकडे जातच राहतात. कामं चेकपॉइंट घेत असतील (आतापर्यंतची स्थिती साठवून ठेवत असतील) तर पडल्यावर शेवटच्या चेकपॉइंटपासून पुढचंच वाया जातं. अंतर किती ठेवायचं याला यंग यांचं 1974 चं साधं सूत्र आहे: चेकपॉइंटला लागणारा वेळ आणि एमटीबीएफ यांच्या गुणाकाराच्या दुपटीचं वर्गमूळ. चेकपॉइंटला पाच मिनिटं लागत असतील आणि त्या कामाला दिवसाला एक बिघाड बसत असेल, तर दर दोन तासांनी घ्या. इथला एमटीबीएफ एका होस्टचा नव्हे, काम जितक्या होस्टवर पसरलंय त्या सगळ्यांचा मिळून.

तुलना करताना दोन्ही पद्धतींना एकच संकट द्या. बिघाडांची यादी आधी तयार करून फाइलमध्ये ठेवा (वेळ, काय पडलं, कधी उठलं) आणि दोन्ही पद्धतींना तीच फाइल वाचायला लावा. नुसता सीड (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारा आकडा) सारखा ठेवून हे साधत नाही. एका पद्धतीने एक जादा यादृच्छिक आकडा उचलला की तिथून पुढचे सगळे बिघाड सरकतात, आणि मग तुम्ही पद्धतींची नव्हे, नशिबाची तुलना करता. मग अशा पुष्कळ फाइली घ्या, प्रत्येक फाइलवर दोन पद्धतींमधला फरक काढा आणि त्या फरकाचा विश्वास-अंतराल (खरा फरक ज्या मर्यादांत असावा तो पट्टा) द्या. स्वतंत्र रनच्या सरासऱ्या शेजारी मांडण्यापेक्षा कितीतरी कमी रनमध्ये निकाल स्पष्ट होतो.

खऱ्या नोंदी वापरायच्या असतील तर लॉस अलामॉसचा डेटा खुला आहे. गूगलचा 2011 चा क्लस्टर ट्रेसही (नोंदींचा संच) आहे, 29 दिवसांचा, सुमारे 12,500 मशीनचा. त्यात मशीन ‘काढली’ असे इव्हेंट आहेत, पण प्रत्येक काढलेली मशीन बिघडलेली नसते, देखभालीसाठीही काढतात. ठरवून केलेल्या देखभालीत व्हीएम आधी हलवता येते, बिघाडात येत नाही. दोन्ही एकाच पोत्यात भरू नका.

प्रोजेक्ट जमा करायला तीन आठवडे उरलेत म्हणता, तर सगळं करायला जाऊ नका. पहिल्या आठवड्यात बिघाडाची फाइल तयार करणारा छोटा प्रोग्रॅम लिहा, होस्ट आणि रॅक एवढे दोनच थर, एक्स्पोनेन्शिअल बिघाड, दोन प्रकारची दुरुस्ती. तो बरोबर आहे का हे कामं न चालवताच तपासता येतं: हजारो वर्षांची यादी काढा, होस्ट किती टक्के वेळ चालू होता ते मोजा आणि हातानं काढलेल्या उत्तराशी जुळवा. ते म्हणजे चालू काळ भागिले चालू अधिक दुरुस्तीचा काळ, होस्टसाठी वेगळं, रॅकसाठी वेगळं, मग दोघांचा गुणाकार. हे जुळेपर्यंत पुढे जाऊ नका. दुसऱ्या आठवड्यात फाइल क्लाउडसिमला जोडा आणि मुद्दाम बिघाड घातलेले 24 तासांचे रन घ्या, आधी फक्त होस्टचे, मग फक्त रॅकचे. हे दोन तक्ते शेजारी ठेवलेत की गाईडच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच मिळेल. वायबुल तिसऱ्या आठवड्यात वेळ उरला तर, आणि घातलंत तर घड्याळं कितीतरी वर्षं आधीपासून पळवूनच.